सोकपिट ते विहीर: पेडण्यातल्या नायट्रोजनच्या प्रकल्प नोंदी

१४ एप्रिल

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, मांद्रे-मोरजीच्या किनारपट्ट्यात आणि मागच्या जांभ्याच्या सड्यावर (पठारावर) बहुतेक घरांची रचना सारखीच, घरामागे सेप्टिक टँक, त्याला जोडून सोकपिट म्हणजे पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, आणि त्याच कंपाउंडमध्ये नाहीतर शेजारच्या कंपाउंडमध्ये विहीर. प्रकल्पाचा प्रश्न एवढाच धरलाय की संडासातून निघालेला नायट्रोजन जमिनीत गेल्यावर काय काय रूपं घेतो आणि विहिरीत कुठल्या महिन्यात कुठल्या रूपात पोचतो.

आधी जे ठरलेलं शास्त्र आहे ते लिहून ठेवते म्हणजे नंतर येणाऱ्यांना सोपं जाईल. माणसाच्या अंगातून दिवसाला साधारण १० ग्रॅम नायट्रोजन बाहेर पडतो, आहाराप्रमाणे थोडा कमीजास्त, आणि त्यातला मोठा भाग लघवीतून, युरिया म्हणून. युरिया पाइपात आणि टँकमध्येच फुटतो आणि त्याचा अमोनियम (पाण्यात विरघळलेल्या अमोनियाचं रूप) होतो. टँकमध्ये हवा नाही त्यामुळे अमोनियम तिथे अमोनियमच राहतो. टँक मैला खाली बसवतो, पाणी बऱ्यापैकी निवळ करतो, पण नायट्रोजनचा थोडाच भाग गाळात अडकतो, बाकीचा सगळा आउटलेटमधून पिटमध्ये. पुढचा बदल पिटच्या तळाखालच्या मातीत होतो आणि आम्हाला तिथेच बघायचंय.

टीम म्हणजे मी (बारावीला केमिस्ट्री शिकवते), माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी ज्या आता बीएस्सी करतायत, आणि वाड्यावरचे प्लंबर भाऊ. भाऊंना कुणाचं पिट कुठे, किती खोल, कधी उपसलं हे सगळं तोंडपाठ आहे. त्यांच्याशिवाय हे काम होणारच नव्हतं.

२१ एप्रिल

तीन पाइप भरून झाले. चार इंची पीव्हीसी, मीटरभर लांब, खाली नायलॉनची जाळी आणि धुतलेली खडी, त्याखाली फनेल आणि बाटली. माती आपल्या शेतजमिनीच्या तीन जुन्या प्रकारांप्रमाणेच घेतली: खेर म्हणजे किनाऱ्याकडची वाळूची, मोरड म्हणजे वरची तांबडी जांभ्याची, आणि खाजन म्हणजे शापोरा नदीच्या काठची काळी खारट चिखलाची. तिघांवरही एकाच टँकचं आउटलेटचं पाणी रोज सकाळी २०० मिली ओतायचं. या पाइपाच्या तोंडाच्या मापाने ते दिवसाला सुमारे २५ मिलिमीटर पाणी झालं, खऱ्या सोकपिटवर पडतं त्याच पट्ट्यात बसतं. हातमोजे, मास्क, ओतून झाल्यावर ब्लीचिंगच्या पाण्याने ओटा पुसणं, हे दोघींना पहिल्या दिवशीच घोटून सांगितलं.

खाजनाची माती भरताना कुजक्या अंड्यासारखा वास सुटला, तो सल्फाइडचा. ती माती आधी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवून घेतोय कारण मिठाने जिवाणूही मंदावतात आणि आमच्या टेस्टही बिघडतात. हा पाइप मुद्दाम पाण्याने भरलेला ठेवलाय, आउटलेटची नळी वर उचलून बांधली, म्हणजे आत हवा शिरत नाही. बाकी दोन पाइप मोकळे निथळतात.

टेस्टसाठी अमोनियाला आणि नायट्राइटला माशांचे टँक ठेवणारे वापरतात तेच किट घेतलंय, नायट्रेटला स्ट्रिप. क्लोराइड (मिठातला घटक) शाळेच्या लॅबमध्ये सिल्व्हर नायट्रेटने. महागडं काही नाही आणि ते मुद्दामच, कारण हे उद्या कुठल्याही पंचायतीच्या पोरांना करता यायला हवं.

२८ एप्रिल

खेरच्या पाइपातून अमोनियम यायला लागला. वाळूला चिकणमाती नाही, धन भाराचा अमोनियम धरून ठेवायला ऋण भाराची जागाच नाही, म्हणून तो सरळ खाली. मोरडमधून अजून काहीच नाही, तांबडी माती धरून बसलीय. नायट्रेट कुठेच नाही.

९ मे

आज खेरच्या बाटलीत नायट्राइटच्या किटला गुलाबी रंग आला! दोघीही नाचायच्या बाकी होत्या.

हे का महत्त्वाचं ते लिहिते. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि खडूच्या भुकटीचा उभा थर केला आणि त्यावर हळूहळू गटाराचं पाणी सोडलं. सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही, जसा अमोनिया वरून जात होता तसाच खालून येत होता, आणि मग एकाएकी खालून नायट्रेट यायला लागलं. त्यांचा युक्तिवाद साधा होता, नुसती रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्या दिवसापासून दिसली असती, वीस दिवस लागले म्हणजे काहीतरी जिवंत वाढत होतं. मग त्यांनी क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, नायट्रेट बंद. बागेतल्या मातीचं धुवण ओतलं, पुन्हा सुरू. हे जिवाणू वेगळे काढून दाखवायला १८९० च्या सुमाराला विनोग्राद्स्की यावे लागले. आणि आज पेडण्यात एका गॅरेजमध्ये त्याच क्रमाने तेच घडतंय, आमच्याकडचे जिवाणू उष्णतेमुळे जरा लवकर जागे झाले इतकाच फरक.

दोन टप्पे आहेत. एक गट अमोनियमचं नायट्राइट करतो (नायट्रोसोमोनास वगैरे), दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. दुसरा गट जरा उशिरा जमतो म्हणून मधे काही दिवस नायट्राइट साचतं, तोच आमचा गुलाबी रंग. २००५ मध्ये कळलं की पहिलं काम जिवाणूंखेरीज आर्किया नावाचे सूक्ष्मजीवही करतात, आणि २०१५ मध्ये असेही जीव सापडले जे दोन्ही टप्पे एकटेच उरकतात, म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं पुस्तकात दोन गटांचं जे पक्कं चित्र होतं ते आत्ता आत्ता बदललं.

एक सूचना सगळ्यांसाठी: नायट्रेटची स्ट्रिप आधी नायट्रेटचं नायट्राइट करते आणि मग त्याचा रंग दाखवते, त्यामुळे पाण्यात मुळातच नायट्राइट असेल तर नायट्रेट फुगून दिसतं. दोन्ही टेस्ट एकत्रच करायच्या.

१८ मे

खेरमध्ये आता नायट्राइट गेलं, अमोनियम जवळपास गेला, आणि नायट्रेटची स्ट्रिप रंगपट्टीवरच्या १०० च्या (मिलिग्रॅम प्रति लिटर) चौकोनापेक्षाही गडद. वरून दिलं तितकं सगळं खालून नायट्रेट म्हणून येतंय असं दिसतंय. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि वास अजिबात नाही.

मोरडचं वेगळंच. नायट्रेट सुरू झालं, आठवडाभर वाढलं आणि मग अडकलं, अमोनियम पण बरोबरीने येतोय. दोघींना वाटलं पाइपात हवा जात नसेल. आम्ही पीएच बघितला तर पाचच्या खाली आलेला. इथे हिशेब करण्यासारखा आहे: १ मिलिग्रॅम अमोनियम-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि त्यात इतकं आम्ल तयार होतं की ७.१४ मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे आम्ल मारायची ताकद (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात), खर्ची पडते. युरिया फुटताना थोडी क्षारता मिळते, पण लागणाऱ्याच्या निम्मीच. उरलेली निम्मी पाण्यातून किंवा मातीतून यायला हवी. आपलं जांभ्यातलं विहिरीचं पाणी मुळातच मऊ आणि किंचित आम्लाचं, मातीतला चुना हजारो वर्षांच्या पावसाने धुवून गेलेला, मग ती येणार कुठून. खेरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा आहे म्हणून तिथे काम अडलं नाही. श्लोझिंग-म्युंट्झनी वाळूत खडू का घातला होता ते आत्ता नीट समजलं.

चौथा पाइप भरला, मोरडचीच माती, पण त्यात तिसऱ्या नावाच्या खायच्या शिंपल्यांच्या कवचांचा कुटलेला चुरा मिसळून. शिंपल्या शेजारच्या घरातून मिळाल्या, आमच्याकडे त्यांना कधीच तोटा नसतो.

२६ मे

पावसाआधीची विहिरींची फेरी झाली. पाणी अगदी तळाला गेलंय, दोर पुरत नव्हते.

किनाऱ्याकडच्या वाड्यात बहुतेक विहिरींत नायट्रेटची स्ट्रिप ५० च्या आसपास किंवा वर. अमोनिया शून्य. एचटूएसची बाटली (पाण्यात मैल्याचे जिवाणू असले तर काळी पडते ती) बऱ्याच ठिकाणी दोन दिवसांनीही पिवळीच राहिली. म्हणजे वाळूने जिवाणू अडवले पण नायट्रेट नाही अडवलं, आणि ते अडणारही नाही, कारण नायट्रेटचा भार ऋण, मातीचाही ऋण, पाणी जिथे जाईल तिथे ते जाणार. भारतीय मानकात सोकपिट पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटरच्या आत नको असं आहे ते जिवाणूंचा विचार करून. कॅनडातल्या ओंटारियोत वाळूच्या जमिनीत एका घराच्या सेप्टिकमागे नायट्रेटचा पट्टा शंभर मीटरच्या पुढेपर्यंत अरुंद धारेत गेलेला १९९१ मध्ये नोंदलाय. १८ मीटर हा आकडा नायट्रेटला लागूच होत नाही आणि हे लोकांना कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

प्लंबर भाऊ म्हणाले, "बाई, खेरातली पिटं कधीच भरत नाहीत, कितीही पाणी सोडा, पितात. लोक खूश असतात." मी त्यांना पाइपातलं पाणी दाखवलं. जे पिट सगळ्यात चांगलं पितं, त्याच्याखाली हवा सगळ्यात जास्त, आणि तिथेच नायट्रेट सगळ्यात पुरेपूर तयार होतं. ते बराच वेळ बाटलीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे तुंबलेल्या पिटाचीच तक्रार येते आमच्याकडे, ह्याची कोण करणार."

एका घरात काकूंनी आधीच प्रायव्हेट लॅबमधून टेस्ट करून घेतली होती. रिपोर्टवर नायट्रेट ९.८ आणि बाजूला मर्यादा ४५. त्या निर्धास्त. रिपोर्ट नीट वाचला तर ९.८ हा आकडा "नायट्रोजन म्हणून" दिलेला. नायट्रेट म्हणून तो ४.४३ ने गुणायचा, म्हणजे ४३ च्या वर, मर्यादेला टेकलेला. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००) ४५ ही मर्यादा नायट्रेट म्हणून आहे आणि त्यात सूट नाही, जागतिक आरोग्य संघटनेची ५०, अमेरिकेची १० पण ती नायट्रोजन म्हणून. एककं न बघता दोन आकडे शेजारी शेजारी छापणं धोक्याचं आहे. रिपोर्ट हातात घेतला की आधी हे विचारा.

आणि त्याच घरात त्यांची लेक बाळंतपणाला आलेली, बाळ दोन महिन्यांचं. काकू म्हणाल्या, "पोराला आम्ही उकळूनच देतो गं, तळातलं नाणं दिसतं इतकं स्वच्छ पाणी आहे." उकळल्याने जिवाणू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते दाट होतं. १९४५ मध्ये अमेरिकेत आयोवात कॉमली नावाच्या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरीचं पाणी घातलेलं दूध पिऊन निळी पडलेली तान्ही बाळं नोंदवली, तेव्हापासून ही मर्यादा आली. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही, तान्ह्यांना हे सर्वात जास्त बाधतं. मी तिला स्पष्ट सांगितलं की अंगावरचं दूध उत्तम, वरचं पाणी द्यायची वेळ आली तर नळाचं उकळून गार करून दे, विहिरीचं नको. यूव्ही फिल्टरही नायट्रेट काढत नाही, कँडलही नाही, आरओ काढतो. तिने लगेच मान्य केलं. काकूंना जरा लागलं असेल, सासऱ्यांनी खणलेली विहीर आहे त्यांच्या.

५ जून

पाऊस लागला. सॅम्पलच्या बाटल्या तयार ठेवल्या.

११ जून

हेच पकडायचं होतं. पहिल्या जोरदार सरींनंतर पाणी वर यायला लागलं आणि किनाऱ्याकडच्या विहिरींमध्ये नायट्रेट कमी होण्याऐवजी वाढलं, स्ट्रिप दोन ठिकाणी १०० च्या चौकोनाला भिडली. पावसाने पाणी पातळ व्हायला हवं असं सगळ्यांनाच वाटतं. पण ऑक्टोबर ते मे खाली जाणारं पाणी थोडं, पिटच्या खालच्या कोरड्या थरात नायट्रेट साचत राहतं, आणि पर्यटकांचा सीझन पण नेमका तेव्हाच, खोल्या भरलेल्या, गेस्ट हाऊसच्या टाक्या ओसंडत. पहिला पाऊस हा साठा ढकलून विहिरीत आणतो. कुणी वर्षातून एकदाच, ऑगस्टमध्ये टेस्ट करत असेल तर त्याला हे कधीच दिसणार नाही.

४ जुलै

पाऊस इतका की फेरी शक्य नाही, म्हणून कागदावर हिशेब केला.

पाच माणसांचं घर, दिवसाला ५० ग्रॅम, वर्षाला १८ किलोच्या थोडा वर. गाळात गेला तो वजा करून १५ किलो जमिनीत जातो असं धरलं. हा सगळा नायट्रेट झाला आणि तो १० मिलिग्रॅम प्रति लिटर (नायट्रोजन म्हणून) इतका पातळ करायचा तर १५०० घनमीटर पाणी हवं. गोव्यात पाऊस साधारण ३००० मिलिमीटर पडतो, पण बहुतेक वाहून समुद्रात, त्यातला पाचवा भाग मुरतो असं समजलं तरी ६०० मिलिमीटर. म्हणजे १५०० घनमीटर मुरायला २५०० चौरस मीटर जमीन लागते. एका घराला. आणि आता प्लॉट पडतायत ४०० चौरस मीटरचे. ४०० मीटरवर मुरतं २४० घनमीटर, त्यात १५ किलो म्हणजे लिटरला ६० मिलिग्रॅमच्या वर, मर्यादेच्या सहापट. वाटेत काहीच नष्ट झालं नाही, बाजूने चांगलं पाणी मिसळलं नाही, असं धरून हे आहे, प्रत्यक्षात थोडं फार नष्ट होतं. तरीपण दहा पाहुणे सहा महिने राहिले तर तेवढाच, १८ किलो, आणखी वर चढतो हे लक्षात घ्या.

पूर्वी घरं लांब लांब, मागे कुळागर (सुपारी-मसाल्यांची बाग) नाहीतर भाट (माडांची बाग), माणसं कमी. जमीन तेवढं पचवायची. जमिनीची ताकद कमी झालेली नाही, प्लॉट लहान झाले.

२२ जुलै

ही नोंद सगळ्यात महत्त्वाची मानते.

पाऊस उघडल्यावर सड्याजवळच्या वाड्यात गेलो. तिथे जांभा, मधमाशीच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा, त्याखाली पांढरी-पिवळी चिकण माती, जिच्यावर पाणी अडतं. मे महिन्यात तळाला गेलेलं पाणी आता हाताने घेता येईल इतकं वर. भाऊंनी एका सोकपिटचं झाकण उघडलं, आत पाणी इनलेटच्या पाइपापर्यंत उभं. म्हणजे पिट आणि भूजल एकच झालंय, मधला हवेशीर मातीचा थर उरलेलाच नाही.

त्या पिटच्या जवळच्या विहिरीत नायट्रेटची स्ट्रिप जवळपास पांढरी. दोघींपैकी एक म्हणाली, "मॅडम, ही क्लीन आहे." मी म्हटलं थांब, बाकीच्या टेस्ट करू. अमोनियाची नळी पिवळी राहायला हवी ती हिरवीगार झाली. एचटूएसची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी काळी. लॅबमध्ये क्लोराइड काढलं, त्यात घातलेल्या पिवळ्या क्रोमेटला विटकरी छटा येईपर्यंत सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडत बसलो, आणि ते मे महिन्याच्या मानाने फारसं कमी झालेलं नाही.

आता हे एकत्र वाचायचं. क्लोराइडला माती काही करत नाही, ते फक्त पातळ होतं. पावसाने नायट्रेट पातळ झालं असतं तर क्लोराइडही त्याच प्रमाणात उतरलं असतं, तसं झालेलं नाही. नायट्रोजन अमोनियम म्हणून थेट विहिरीत आलाय, कारण पिटखाली हवा नव्हती आणि नायट्रेट करणाऱ्यांना ऑक्सिजन मिळाला नाही. सोबत जिवाणूही आले कारण गाळणारा थर पाण्याखाली. म्हणजे ज्या दिवशी नायट्रेट सगळ्यात कमी त्याच दिवशी ते पाणी पिण्याला सगळ्यात वाईट.

किनाऱ्याकडच्या विहिरींत त्याच आठवड्यात नायट्रेट उतरलं आणि क्लोराइडही त्याच मानाने उतरलं, म्हणजे तिथे खरंच पातळ झालं. (किनाऱ्यावर पावसातच थोडं समुद्राचं मीठ असतं, तेवढं ध्यानात ठेवून.) दोन्हीकडे स्ट्रिपने "कमी" सांगितलं आणि दोन्हीकडे कारणं अगदी वेगळी निघाली.

म्हणून या प्रकल्पातली माझी ठाम शिफारस: विहिरीचं नुसतं नायट्रेट तपासू नका. नायट्रेट, अमोनिया, क्लोराइड आणि जिवाणू, चारही एकाच बाटलीतून, एकाच दिवशी.

२ ऑगस्ट

शिंपल्यांचा पाइप: पीएच साडेसहाच्या वर टिकलाय, अमोनियम जवळपास संपला, नायट्रेट भरपूर. शिंपल्यांनी अडलेलं काम पुढे नेलं. पण नायट्रोजन तेवढाच आहे, फक्त रूप बदललं. नुसत्या शिंपल्या घालून विहीर वाचत नाही.

१६ ऑगस्ट

खाजनाचा पाइप एप्रिलपासून कंटाळवाणा होता, वरून अमोनियम खालून अमोनियम, हवा नाही तर होणार काय. आज त्याचं वरचं पाणी बंद करून आठवडा झाला, त्याऐवजी खेरच्या पाइपातून निघालेलं नायट्रेटचं पाणी त्यावर सोडतोय. खालून आलेल्या पाण्यात स्ट्रिप पांढरी, नायट्राइट नाही, अमोनिया थोडाच, तोही मातीत आधीचा धरलेला सुटतोय आणि रोज कमी होतोय. क्लोराइड मात्र जितकं आत तितकं बाहेर. या वेळी नायट्रेट खरोखर गेलं.

गेलं कुठे तर हवेत. ऑक्सिजन नसला की काही जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि शेवटी नायट्रोजन वायू सोडतात, तोच जो हवेत ७८ टक्के आहे. त्यांना खायला कार्बन लागतो, तो खाजनाच्या चिखलात कुजलेल्या मुळांचा भरपूर. पाइपाच्या कडेला टॉर्च धरला तर काळ्या चिखलातून बारीक बुडबुडे वर सरकताना दिसतात. त्यात नायट्रोजनबरोबर दुसरे वायूही असणार, पण दोघींनी त्याचे फोटो काढून घेतले.

क्रम बघा: आधी हवा हवी, मग हवा नको. अमोनियम सरळ चिखलात घातला तर काही होत नाही. नायट्रेट हवेशीर वाळूत राहिलं तरी काही होत नाही. दोन्ही जागा एकामागोमाग एक मिळाल्या तरच नायट्रोजन पाण्यातून बाहेर पडतो. सड्यावरून पाणी उतरून खाली शेतातून खाजनात आणि मग नदीत जातं, तेव्हा निसर्गतः हीच साखळी होती. खाजनं बुजवली, मानशी (बांधातली पाण्याची दारं) मोडल्या, तर मासळी आणि भात जातंच, पण ही साखळीही तुटते. खाजन राखायचं आणखी एक कारण म्हणून हे मला मोठ्याने सांगावंसं वाटतं.

१९ सप्टेंबर

चवथीचे दिवस पाइप भाऊंच्या घरच्यांनी सांभाळले, एकही दिवस चुकला नाही, त्यांचे आभार.

प्रत्येक घरामागे खाजन नसतं म्हणून आता घरापुरती रचना करून बघितली: वर वाळू आणि शिंपल्यांचा चुरा, मोकळा, निथळणारा. खाली वाळू आणि सॉमिलमधला लाकडाचा भुसा अर्धा अर्धा, पाण्यात बुडालेला, आउटलेट वर उचललेलं. भुसा म्हणजे जिवाणूंचं खाद्य. दर ग्रॅम नायट्रेट-नायट्रोजनला २.८६ ग्रॅम ऑक्सिजनच्या तोडीचं कार्बनी खाद्य हे हिशेबाने किमान, प्रत्यक्षात जास्तच लागतं. कॅनडात १९९० च्या दशकात जमिनीत भुशाचे असे थर घातले होते आणि पंधरा वर्षांनीही ते नायट्रेट काढत होते असं नोंदलेलं आहे, त्यामुळे भुसा दोन वर्षांत संपेल ही भीती बाळगायला नको.

पहिले काही दिवस तपकिरी पाणी आलं, भुशातला रंग तो, आता निवळलंय. नायट्रेट ५० च्या खूप खाली. पीएच सांभाळणं इथेही गरजेचं, कारण आम्लात शेवटची पायरी अर्धवट राहते आणि नायट्रोजन वायूऐवजी नायट्रस ऑक्साइड सुटतो, जो हवामानाच्या दृष्टीने कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेपटीहून जास्त तापदायक. म्हणजे शिंपल्या दोन्ही थरांच्या कामाच्या.

भाऊंनी लगेच खर्चाचं विचारलं. सिमेंटच्या रिंगा, वाळू, भुसा, दोन पाइप, एवढंच सामान. अडचण जागेची आणि उताराची आहे, खालचा थर भूजलाच्या वर बसायला हवा, आणि सड्याजवळच्या वाड्यात पावसात ते शक्यच नाही. तिथे पिट जमिनीत खोल नेण्याऐवजी वर उचलून मातीच्या उंचवट्यावर बांधणं हाच मार्ग दिसतो. याच्यावर त्यांनी स्वतःच कागदावर चित्र काढून आणलं, पाण्याची पावसाळी पातळी लाल पेनाने दाखवून. ते चित्र फाइलला लावलंय.

६ ऑक्टोबर

पंचायतीत दाखवायला एक पान तयार केलं, त्यात शास्त्र कमी आणि कामं जास्त. विहिरींची टेस्ट मेच्या शेवटी, पहिल्या पावसानंतर आठवडाभरात, आणि जुलैत पाणी वर असताना, अशी तीनदा, चारही गोष्टींची. तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असलेल्या घराची विहीर आधी. नवीन पिट खणताना मेमधली कोरडी पातळी बघून खोली ठरवायची नाही, जुलैची बघायची. गेस्ट हाऊसवाल्यांनी खोल्यांच्या नाही तर माणसांच्या हिशेबाने टाकी आणि शोषण बांधायचं. आणि रिपोर्टवर "नायट्रेट म्हणून" की "नायट्रोजन म्हणून" ते लिहून मागायचं.

काकूंनी निरोप पाठवला की त्यांच्या परड्यात जागा आहे, पहिली रचना त्यांच्याकडे करा. भाऊ उद्या माप घ्यायला जातायत. भुशाऐवजी नारळाच्या काथ्याचा चुरा चालेल का असं त्या विचारतायत, कारण तो त्यांच्याकडे पडूनच असतो. काथ्यातलं लिग्निन फार हळू कुजतं, त्यामुळे जिवाणूंना पुरेसं खाद्य मिळेल की नाही ते बघावं लागेल. त्यासाठी काथ्याच्या चुऱ्याचा नवा पाइप आज भरला, वरून खेरच्या पाइपाचं पाणी सोडलंय, पहिलं रीडिंग रविवारी.